पुण्यात राहायला येताना: घर, कागदपत्रे, प्रवास आणि आपली स्थळे

बारावीचे निकाल लागले की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत येऊ लागतो. "ताई, मुलगी पुण्याला येतेय, राहायची सोय कुठे होईल?" फोन कधी नांदेडहून असतो, कधी वाशिमहून, कधी सोलापूरकडच्या एखाद्या खेड्यातून. दिवाळीनंतर कंपनीत नव्याने लागलेली मुले विचारतात. डिसेंबर आला की २५ तारखेला देहूरोडला आणि १ जानेवारीला पेरण्याला येणारी मंडळी विचारतात. प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावे, म्हणून हा लेख. समाजकार्याच्या निमित्ताने गेली काही वर्षे मी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांमध्ये फिरते आहे, आणि मी स्वतःही बाहेरगावाहूनच या शहरात आले. त्यामुळे यात माहिती आहे, तसा थोडा अनुभवही आहे.

पुणे म्हणजे एकच शहर नव्हे

बाहेरून पाहताना सगळेच पुणे वाटते. प्रत्यक्षात येथे दोन महानगरपालिका आहेत, पुणे आणि पिंपरी-चिंचवड. शिवाय पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कॅन्टोन्मेंट बोर्डे आहेत. त्यांच्याभोवती हिंजवडी, मारुंजी, चाकण यांसारखी झपाट्याने वाढलेली गावे आहेत. पाणी, कचरा, जन्म-मृत्यूचा दाखला, दवाखाना, शाळा या प्रत्येक गोष्टीसाठी कोणत्या कार्यालयात जायचे ते तुमची खोली कोणाच्या हद्दीत आहे यावर ठरते. म्हणून खोली पाहायला गेलात की पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. "ही जागा कोणाच्या हद्दीत येते आणि पाणी किती वेळ येते?" हे विचारा. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून दिवसाआड पाणी येते. वाघोली, लोहगाव, धानोरी या बाजूच्या अनेक इमारती टँकरवर अवलंबून आहेत आणि टँकरचा खर्च शेवटी देखभाल खर्चातून भाडेकरूवरच येतो.

आधी कामाची दिशा, मग घर

नवीन माणसाची नेहमीची चूक म्हणजे ओळखीचा माणूस जिथे राहतो तिथेच खोली घेणे. मित्र हडपसरला, म्हणून हडपसरला खोली घेतली आणि नोकरी निघाली तळेगावला. रोजचे तीन-चार तास रस्त्यात जातात आणि दोन महिन्यांत माणूस थकून जातो. कामाचे किंवा कॉलेजचे ठिकाण ठरल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. ढोबळमानाने दिशा अशा आहेत:

- हिंजवडीतील आयटी कंपन्या: वाकड, थेरगाव, रहाटणी, पिंपळे सौदागर, मारुंजी. हिंजवडीच्या रस्त्यावरची सकाळ-संध्याकाळची कोंडी लक्षात घेता शक्य तेवढे जवळ राहणे बरे.
- चाकण आणि तळवडे: मोशी, चिखली, निगडी, आकुर्डी. कंपनीची बस कोणत्या चौकातून सुटते ते आधी विचारा आणि त्या चौकाला चालत जाता येईल अशी खोली घ्या.
- तळेगाव: देहूरोड, तळेगाव दाभाडे, वडगाव मावळ. लोकल हा मोठा आधार.
- खराडी: चंदननगर, वडगाव शेरी, वाघोली.
- हडपसर, मगरपट्टा: मांजरी, फुरसुंगी, रामटेकडी परिसर.
- रांजणगाव एमआयडीसी: पुण्यात राहून रोज जाण्यापेक्षा शिरूर किंवा रांजणगाव येथेच सोय पाहावी.

भाडे आणि प्रवासखर्च मिळून पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत बसते का, हे कागदावर मांडून पाहा. दूरची स्वस्त खोली पुष्कळदा महाग पडते.

विद्यार्थ्यांसाठी

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या आसपास राहतात. येथे पूर्ण खोलीपेक्षा कॉट बेसिसचा व्यवहार जास्त चालतो. एका खोलीत तीन-चार कॉट, बाहेर मेस किंवा डबा आणि दिवसभर अभ्यासिका असा सगळा क्रम असतो. कॉटचे पैसे देण्यापूर्वी त्या खोलीत आधीपासून राहणाऱ्या मुलांशी पाच मिनिटे एकट्याने बोला. पाणी, ढेकूण, मालकाचा स्वभाव आणि डिपॉझिट परत मिळते की नाही, हे तेच खरे सांगतील.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज आधी करावा. तेथे प्रवेश मिळाला नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये शिकणाऱ्यांसाठी वर्षाला एकूण ६०,००० रुपये धरलेले आहेत: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. आधीच्या परीक्षेत किमान गुणांची अट असते, दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ती शिथिल आहे. रक्कम बँक खात्यात हप्त्याने जमा होते. त्यामुळे पहिले काही महिने घरच्यांना तजवीज करावीच लागते, हे धरून चाला. जिल्ह्याचे काम विश्रांतवाडी-येरवडा भागातील सामाजिक न्याय भवनातून चालते. स्पर्धा परीक्षेचे प्रशिक्षण आणि संशोधनाची अधिछात्रवृत्ती यांसाठी क्वीन्स गार्डन येथील बार्टीच्या जाहिराती नियमित पाहत राहा. अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

आडनाव विचारले जाते तेव्हा

हा भाग टाळून पुण्याची माहिती पूर्ण होणार नाही. मी पहिल्यांदा खोली शोधत होते तेव्हा एका घरमालकिणीने मला जिना, गॅलरी, पाण्याची टाकी असे सगळे कौतुकाने दाखवले. मग विचारले, "पूर्ण नाव काय गं तुझं?" नाव सांगितले. "मूळच्या कुठल्या? घरी नॉनव्हेज खाता का?" तेही सांगितले. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला, "ताई, ती खोली कालच गेली." पुढचे तीन आठवडे त्या गॅलरीवर "खोली भाड्याने देणे आहे" ही पाटी तशीच होती. मी रोज त्याच रस्त्याने कॉलेजला जात होते.

हा फक्त माझा अनुभव नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास केला होता, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना उच्चवर्णीय भाडेकरूंपेक्षा जास्त नकार मिळतात, हे त्यात दिसून आले. थेट "जात कोणती" असे क्वचितच कोणी विचारते. आडनाव, गाव, खाणे, देव्हारा आहे का, या वाटांनी तोच प्रश्न येतो.

कायद्यात काय आहे? नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यास किंवा वापरण्यास अडवणे हा गुन्हा आहे. अडचण पुराव्याची आहे. "खोली गेली" या चार अक्षरांच्या आत काय दडले आहे, ते पोलीस ठाण्यात दाखवणे कठीण जाते. म्हणून शक्य तेवढे बोलणे संदेशातून, लेखी ठेवा. जातीवाचक बोलले गेले असेल तर तारीख, वेळ, हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवा.

काही मुले आडनाव लपवतात. नुसते पहिले नाव सांगतात किंवा आडनावाच्या जागी गावाचे नाव लावतात. रात्री डोक्यावर छप्पर हवे असते तेव्हा माणूस काय करेल, याचा न्याय मी करणार नाही. पण अशा घरात राहिलेल्या मुली माझ्याकडे येतात आणि सांगतात की वर्षभर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला नाही, १४ एप्रिलला निळी साडी पिशवीत घालून नेली आणि मैत्रिणीच्या घरी बदलली, आई भेटायला आली तर तिला "जय भीम" मोठ्याने म्हणू नकोस असे बजावले. भाडे पूर्ण भरूनही जिथे आईला हळू बोलायला सांगावे लागते, ती जागा महागच पडली. माझा सल्ला एवढाच की पूर्ण नाव पहिल्याच फोनवर सांगा. चार नकार जास्त येतील. पण चपला झिजवून, टोकन देऊन, सामान टेम्पोत भरल्यावर येणारा नकार तरी येणार नाही. आणि पाचवे दार उघडेल, ते तुमच्या पूर्ण नावानिशी उघडेल. अशी दारे या शहरात आहेत, ती आपल्या समाजाबाहेरच्या लोकांचीही आहेत. मला ज्या आजींनी खोली दिली त्या आपल्या समाजाच्या नव्हत्या. त्यांनी फक्त "रात्री दहानंतर गेटला कुलूप असतं" एवढेच सांगितले.

भाडेकरार: सही करण्यापूर्वी

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नुसत्या मुद्रांक कागदावर सही घेऊन "झाला करार" म्हणणाऱ्यांना हे नम्रपणे सांगा. करार साधारणपणे ११ महिन्यांचा असतो आणि आता ऑनलाइन नोंदवता येतो. नोंदणीकृत करार हाच पुढे गॅस, बँक, मतदार यादी, मुलांची शाळा यांसाठी पत्त्याचा पुरावा ठरतो.

करारात चार गोष्टी आहेत का पाहा: डिपॉझिटची रक्कम आणि ती किती दिवसांत परत मिळणार, नोटीस किती दिवसांची, देखभाल खर्च कोणाकडे, रंगकामाचे पैसे कापणार का. डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यावरून द्या. खोलीत शिरण्याच्या दिवशी भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते, तिची प्रत स्वतःकडे ठेवा. एजंट बहुधा एका महिन्याचे भाडे घेतो, ते आधीच ठरवून घ्या.

गावाहून निघताना सोबत काय आणावे

जातीचा दाखला तुमच्या मूळ जिल्ह्यातूनच मिळतो. पुण्यात आल्यावर त्यासाठी गावाला दोन-तीन खेपा घालाव्या लागलेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत. म्हणून निघण्यापूर्वीच ही फाइल तयार करा: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, बँक पासबुक, शिधापत्रिका आणि दहा-बारा फोटो. जात वैधतेचा अर्ज प्रवेश मिळाल्यावर नव्हे, अकरावीतच करा. प्रत्येक कागदाची मोबाइलमध्ये प्रत आणि घरी एक झेरॉक्स संच ठेवा.

शहरात फिरायचे कसे

मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत. एक पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून दापोडी, खडकी, शिवाजीनगरमार्गे स्वारगेटला जाते. दुसरी वनाजहून डेक्कन, पुणे रेल्वे स्टेशन, येरवडा करत रामवाडीला जाते. दोन्ही जिल्हा न्यायालय (पूर्वीचे सिव्हिल कोर्ट) स्थानकात मिळतात, तेथे गाडी बदलता येते. पुणे-लोणावळा लोकल खडकी, दापोडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव अशी जाते आणि सर्वांत स्वस्त पडते. मात्र दुपारच्या वेळी गाड्या फार कमी असतात, वेळापत्रक पाहूनच निघा. बाकी सगळीकडे पीएमपीच्या बस आहेत. दिवसभराचा पास काढला तर खोली शोधण्याचे दिवस स्वस्तात निघतात.

एसटीने येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की मराठवाडा, विदर्भ, खानदेशच्या गाड्यांना शिवाजीनगर आगार आहे आणि सोलापूर, सातारा, कोल्हापूरच्या गाड्यांना स्वारगेट. पहाटे पोहोचलात तर उजाडेपर्यंत स्थानकावरच थांबा. अनोळखी माणसाने सांगितलेल्या "स्वस्त लॉज"च्या मागे जाऊ नका.

दोन दिवस पाहुणे म्हणून आलात तर

*पहिला दिवस, शहरात.* सकाळी गंज पेठेतील फुलेवाड्यापासून सुरुवात करा. या घराच्या आवारातील हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला. मुलांना तो हौद दाखवा, नुसता पुतळ्यासोबत फोटो नको. तेथून बुधवार पेठेत भिडेवाड्याच्या जागी या, जेथे १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला. दुपारी सेनापती बापट रस्त्यावरील सिम्बायोसिसच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालयात जा. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू तेथे जपलेल्या आहेत. घाई करू नका, दोन तास हाताशी ठेवा. वेळ उरला तर पर्वती. पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी १९२९ मध्ये येथील अस्पृश्य समाजाने सत्याग्रह केला होता. येरवड्यावरून जाणे झाले तर मुलांना सांगा, २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार याच येरवडा कारागृहात झाला.

*दुसरा दिवस, लोकलने.* पहिल्या लोकलने मळवलीला उतरा. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. भाजे लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील, तेथील चौदा स्तूपांचा समूह शांतपणे पाहा. कार्ल्याचे चैत्यगृह भव्य आहे. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आणि गावे कोरलेली आहेत, त्यांत व्यापारी आहेत, सुतार आहे, भिक्खुणी आहेत. दोन्हीकडे पायऱ्यांची चढण आहे, वयस्कर मंडळी सोबत असतील तर एकच लेणे निवडा. पावसाळ्यातील शनिवार-रविवार टाळा. परतताना देहूरोडला उतरा. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळपास दोन वर्षे आधी.

पेरणे येथील विजयस्तंभ पुण्यापासून अहिल्यानगर रस्त्यावर सुमारे ३० किलोमीटरवर आहे. स्मृतीची लढाई १ जानेवारी १८१८ ची आणि बाबासाहेब तेथे आले ते १ जानेवारी १९२७ ला. त्या दिवशी रस्ता वळवलेला असतो. आपले वाहन ठरवलेल्या वाहनतळावर लावून पुढे बसने जावे लागते. लहान मुले आणि वृद्ध असतील तर एखाद्या साध्या दिवशी या, स्तंभावरची नावे निवांत वाचता येतील.

विहार आणि माणसे

ताडीवाला रस्ता, मंगळवार पेठ, बोपोडी, दापोडी, येरवडा, रामटेकडी, पिंपरी, देहूरोड या भागांत आपली जुनी वस्ती आहे आणि विहारही आहेत. तुम्ही तेथेच राहिले पाहिजे असे मी म्हणणार नाही. शिकून, कमावून माणसाने हव्या त्या ठिकाणी घर घ्यावे, तो हक्कच आहे. पण राहायला कुठेही गेलात तरी जवळचे विहार पहिल्या महिन्यात शोधा आणि रविवारच्या वंदनेला जा. खोली, ट्यूशन, रक्ताची गरज, नोकरीची माहिती या गोष्टी तेथील माणसांकडून सर्वांत लवकर कळतात. ध्यानाची आवड असणाऱ्यांसाठी दापोडीचे महाविहार, भाजे येथील सद्धम्म प्रदीप केंद्र, तसेच स्वारगेटजवळचे आणि मरकळचे विपश्यना केंद्र आहे. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नसते, नाव मात्र बरेच आधी नोंदवावे लागते.

अडचणीच्या वेळी

- तातडीची मदत: ११२. महिलांसाठी १०९१, मुलांसाठी १०९८.
- अत्याचार, जातीवरून छळ: राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६.
- मोफत कायदेशीर मदत: १५१००. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न ठेवता वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगर न्यायालयात आहे.
- सरकारी दवाखाने: पुणे स्टेशनजवळ ससून, पिंपरीत संत तुकाराम नगरचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलगी किंवा मुलगा पुण्यात आला की पहिले दोन-तीन महिने कठीण जातात. पैसे संपतात, जेवण आवडत नाही, खोली बदलावी लागते, एखादा नकार मनाला लागतो. तेव्हा "मग परत ये" असे लगेच म्हणू नका आणि "आम्ही काय कमी सोसले" असेही म्हणू नका. "नाव काय सांगितलंस?" एवढे विचारा. त्याने पूर्ण नाव सांगितले असेल, तर शाबासकी द्या आणि पुढची खोली शोधायला सांगा.

जय भीम. नमो बुद्धाय.